सांगलीच्या पाहुण्याची चरबी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, अशी आपल्यात म्हण आहे. ती ऋषी आणि नदी यांच्यापुरतीच असल्याने उरलेल्या सर्वांचं कूळ विचारायला सातारा-सांगलीत पूर्ण मुभा आहे. बिअर आंबवणारं यीस्ट ऋषी नाही आणि नदीही नाही. सबब त्याची चौकशी क्रमप्राप्त होती.

अडचण एवढीच, की सूक्ष्मदर्शकाखाली सगळी यीस्ट सारखीच दिसतात, गोल आणि खाऊनपिऊन सुखी. म्हणून शास्त्राने चरबीचा मार्ग काढला. पेशी फोडायच्या, चरबी वेगळी करायची, यंत्रात सोडायची. यंत्र कागदावर रेघांचे डोंगर काढून देतं. कूळ वेगळं, तर डोंगर वेगळे. (कोणाच्या अंगात किती चरबी आहे यावरून घराणं ओळखण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. शास्त्राला ती उशिरा कळली.) या विषयात रविराजने ऐन तारुण्य घालवून डॉक्टरेट मिळवली होती. आपला प्रबंध एकाच माणसाने पूर्ण वाचला आणि त्यालाही मध्ये झोप लागली, असं तो स्वतःच सांगे. तो माणूस म्हणजे रविराजच. त्याची आई सुलाबाई विचारणाऱ्याला "पोरगं दारूच्या कारखान्यात चरबी मोजतंय" असं खरं तेच सांगत असल्याने दोन बरी स्थळं हातची गेली होती.

सातारच्या त्या बिअर कारखान्याचे मालक आप्पासो. त्यांचा बिअर बनवणारा मुख्य कारागीर सांगलीच्या नव्या कारखान्यात गेला आणि तिथली बिअर साताऱ्यासारखीच लागू लागली. आपलं यीस्ट पळवलं, असं आप्पासोंनी जाहीर केलं. सांगलीकर म्हणाले, खुशाल तपासा, आणि त्यांनी आपला नमुना बर्फात घालून धाडून दिला.

"डाक्टर, त्ये आमचंच हाय एवढं शाबित करा," आप्पासो रविराजला म्हणाले. "न्हाई झालं, तर लॅब बंद करून तुमास्नी बाटल्या धुयाच्या खात्यात घ्यावं लागंल. राग मानू नगा."

रविराजने राग मानला नाही. त्याला फक्त घाम फुटला.

या परीक्षेला एकच अट असते. दोन्ही यीस्ट सारख्याच उबेत, सारख्याच साखरेवर वाढवायची, कारण खाणं बदललं की चरबी बदलते. (हे कळायला विद्यापीठाची पदवी लागते.) ही अट रविराजने ठळक अक्षरांत भिंतीवर लावली, शास्त्रीय वाटावी म्हणून इंग्रजीत. मग दोन्ही नमुन्यांची देखभाल त्याने नाथाजीकडे सोपवली. नाथाजी म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, आता लॅबचे सर्वेसर्वा मदतनीस.

निकाल आला. डोंगर जुळेनात. सांगलीची चरबी साताऱ्याहून साफ वेगळी निघाली. आपल्याला कोणत्या मापाचे रबरी हातमोजे होतील याचा विचार करत रविराज आप्पासोंच्या केबिनमध्ये गेला.

आप्पासोंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मंजे आमचं अन् त्यांचं कूळ येगळं?"

"हो, मालक."

"लांबची सोयरीक बी न्हाई?"

"तसं दिसत नाही."

आप्पासो खुर्चीत सैलावले. "मला वाटलंच हुतं. आमची सर त्यास्नी कुठनं येनार? लय झ्याक काम केलं, डाक्टर."

चोरीची तक्रार तिथल्या तिथे मेली. चोर सापडण्यापेक्षा वेगळेपण सापडण्याचा आनंद मोठा असतो. लॅबला नवं यंत्र मंजूर झालं, बाटलीवर 'अस्सल सातारी कूळ' असं छापायचं ठरलं आणि सुलाबाईकडे एक स्थळ आपणहून चालत आलं.

रविराजने पेढे वाटले. पेढा घेताना नाथाजींनी विचारलं, "सायेब, पाव्हण्याची तब्येत सुधारली का?"

"कुठला पाहुणा?"

"सांगलीचा. बर्फात पार गारठला हुता. म्या त्याला रोज वाईच गूळ घालत हुतो, अन् उबेला ठेवत हुतो. घरच्याचं काय, कशावर बी भागतं. पर पाव्हण्याला घरच्याएवढंच वाढलं, तर साताऱ्याची अब्रू काय ऱ्हाईल?"

रविराजने कोणाला न सांगता दोन्ही नमुने पुन्हा वाढवले, गूळ कुलपात ठेवून. या वेळी डोंगर असे एकावर एक बसले, की मधून केस जाईना. यीस्ट एकच होतं. दोन जिल्ह्यांच्या थोरवीत फरक होता तो मूठभर गुळाचा.

तो नवा कागद घेऊन रविराज केबिनच्या दारापर्यंत गेला. आत आप्पासो लेबलाचा रंग ठरवत होते. रविराजला बाटल्यांची रांग आठवली, मग स्थळ आठवलं. त्याने कागदाखाली "अधिक संशोधनाची गरज आहे" असं लिहिलं, घडी घातली आणि खिशात टाकला. (शास्त्रात याला लबाडी म्हणत नाहीत, निष्कर्ष म्हणतात.) त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

आता त्याला माफ करायचं की नाही, हे वाचकांनी ठरवायचं आहे. पण तुम्ही अडलात. एवढ्या गोष्टीत रविराजचं आडनाव कुठंच आलेलं नाही, हे तुमच्या मघाशीच लक्षात आलं होतं. ते कळलं असतं, तर ठरवणं सोपं गेलं असतं.