बाईसाहेबांची खुर्ची आणि काटेरी बोंड

जो देश आपल्या खुर्च्या जपतो, त्याचा इतिहास कायम उभाच राहतो. (आपल्याकडेही खुर्च्या जपतात, पण त्या बसलेला माणूस जपतो. इंग्लंडात त्या कोणीच बसू नये म्हणून जपतात. संस्कृतीतला फरक म्हणतात तो हाच.) ग्लॉस्टरशरमधल्या विदरकम हॉल नावाच्या वाड्यात अशा दोनशेच्या वर खुर्च्या आहेत आणि त्यांच्यावर बसायला मनाई आहे असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिणार कसं? तिकीट काढून आलेल्या सभ्य माणसाला ‘बसू नका’ म्हणणं म्हणजे त्याला कुठे बसावं याची अक्कल नाही, असं सुचवणं झालं. म्हणून प्रत्येक खुर्चीच्या मधोमध एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात. बोंड दिसलं की इंग्रज माणूस मनातल्या मनात खुर्चीची माफी मागतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. कोणी कोणाला काही बोललं नाही, कोणी काही ऐकलं नाही, आणि तरी सगळं सगळ्यांना कळलं. त्या देशाचं अर्धं प्रशासन याच पद्धतीने चालतं.

हा हॉल एके काळी लेडी रोझमंड फॅनशॉ यांचा होता. त्यांचे यजमान सर एव्हरार्ड गेले, पाठोपाठ छप्पर गेलं, आणि बाईसाहेबांनी वास्तू एका वारसा मंडळाच्या हवाली केली. करारानुसार वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागचा जिना हे त्यांच्या वाट्याला आले. बाकी सगळं राष्ट्राचं झालं. सही करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. खालच्या दालनात खिडकीपाशी जी हिरव्या चामड्याची खुर्ची होती, तीही राष्ट्राचीच झाली.

त्या खुर्चीत एव्हरार्ड चाळीस वर्षं रोज सकाळी शब्दकोडं सोडवत बसायचे. समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून बाईसाहेब त्यांना शब्द पुरवायच्या आणि ते शब्द चूक आहेत असं सांगून एव्हरार्ड तेच लिहायचे. शेवटचा श्वासही त्यांनी तिथेच घेतला, कोडं अर्धवट टाकून. बाईसाहेबांना त्या खुर्चीत एकदा, फक्त एकदाच, बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण खुर्चीवर बोंड होतं. म्हणून त्या हॉल उघडा असेल त्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यातून खाली यायच्या, खुर्चीसमोर उभ्या राहायच्या, आणि गुडघे बोलायला लागले की मागच्या जिन्याने वर जायच्या.

दालनावर राखण करायला हिलरी पॉकलिंग्टन नावाच्या बाई असायच्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, कामाला पगार नाही, छातीला बिल्ला. त्यांना सगळं कळत होतं.

“आज हवा बरी आहे, बाईसाहेब,” हिलरीबाई म्हणायच्या.

“कालच्यापेक्षा बरीच म्हणायची,” बाईसाहेब म्हणायच्या.

(ज्यांना इंग्रजांची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे गळ्यात पडून रडणं होतं.)

मे महिन्यातल्या एका दुपारी बाईसाहेबांचे गुडघे संस्कारांना न जुमानता वाकले आणि त्या खुर्चीत बसल्या. थेट बोंडावर. ते आधी उचलायचं, हे कोणालाही सुचलं असतं. त्यांनाही सुचलं. पण बोंड मंडळाच्या मालकीचं. दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलणं हा चोंबडेपणा, आणि विचारायचं तर उगाच बोभाटा. त्यापेक्षा बोचलेलं बरं.

हिलरीबाई दोन पावलं जवळ सरकल्या. “बाईसाहेब, काही... त्रास तर होत नाही ना?”

“छे छे! अगदी ऐसपैस बसलेय मी.”

“नाही, म्हणजे ते बोंड जरा...”

“कुठलं बोंड?”

“काही नाही, काही नाही. संध्याकाळी पाऊस येईल म्हणतात.”

“येऊ दे बाई. गुलाबांना हवाच आहे.”

नेमकी तेव्हाच लीड्सहून आलेली बस दारात रिकामी झाली. बाईसाहेबांना हलायची सोय नव्हती. जरा हललं की बोंड आपलं अस्तित्व जाणवून द्यायचं. त्या श्वास रोखून ताठ बसून राहिल्या.

“अगं बाई! नॉर्मन, इकडे ये! हा पुतळा बघ, कसा जिवंत वाटतो!”

“पापण्या हलतायत की गं,” नॉर्मन वाकून बघत म्हणाला. “विजेवर चालत असणार. तरीच तिकीट वाढवलंय मेल्यांनी.”

“चेहऱ्यावरचं दुःख बघ रे. काय कारागिरी!”

“नाक मात्र वाजवीपेक्षा लांब केलंय.”

नाक फॅनशॉ घराण्याचं नव्हतं, माहेरचं होतं, आणि हे सांगायला बाईसाहेबांचे ओठ शिवशिवत होते. पण ओळख करून दिल्याशिवाय परक्या माणसाशी बोलायचं कसं?

त्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत शंभरातल्या त्र्याण्णव पाहुण्यांनी ‘खिडकीतली म्हातारी’ हे हॉलमधलं सर्वोत्तम आकर्षण ठरवलं. (उरलेल्या सातांनी चहाघरातल्या केकला मत दिलं. ते दर वर्षी देतात.) दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळाचे तरुण व्यवस्थापक टोबायस क्रेन दाढी कुरवाळत हजर झाले.

“अडचण अशी आहे, बाईसाहेब, की त्या खुर्चीत बसायचा अधिकार माणसाला नाही. पण वस्तूला आहे.”

“म्हणजे मी वस्तू झाले तर मला रोज बसता येईल?”

“दहा ते पाच. सोमवारी सुट्टी.”

“आणि ते बोंड?”

“ते तुमच्या मांडीवर ठेवू. म्हणजे तुमच्यावर कोणी बसणार नाही.”

“माझ्या मांडीवर कोण बसायला येतंय रे बाबा!”

“तरी पण. नियम तो नियम.”

बाईसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं. “चालेल,” त्या म्हणाल्या.

लाल दोरी आली, पितळी पाटी आली, आणि वस्तूंच्या यादीत बाईसाहेबांची नोंद पडद्यांनंतर व घड्याळाआधी झाली. माणसाने वस्तू होण्याचे फायदे लोकांना ठाऊक नाहीत म्हणून बरं, नाहीतर रांगा लागल्या असत्या. वरच्या खोलीतली शेगडी दोन हिवाळे बंद होती. बाईसाहेबांनी तक्रार केली तेव्हा ‘रहिवाशांची ऊब वारशाच्या व्याख्येत बसत नाही’ असं नम्र उत्तर आलं होतं. वस्तू झाल्या त्याच दुपारी दमटपणा मोजायचं यंत्र घेऊन एक तज्ज्ञ धावत आला आणि दालन उबदार झालं. दर मंगळवारी मऊ कुंचल्याने त्यांच्या खांद्यांवरची धूळ झाडली जाऊ लागली. बाथ शहराहून एक विदुषी कीड लागली आहे का ते बघायला आल्या आणि ‘वयाच्या मानाने स्थिती उत्तम, डावीकडे किंचित झुकाव’ असा शेरा देऊन गेल्या. एव्हरार्ड गेल्यापासून बाईसाहेबांची एवढी विचारपूस कोणी केली नव्हती. (हिवाळ्यात हॉल बंद असतो तेव्हा सगळ्या वस्तूंवर पांढरी चादर टाकतात. बाईसाहेबांनी आपल्या चादरीला लोकरीचं अस्तर मागितलं आहे. अर्ज विचाराधीन आहे.)

पण खुर्चीत बसल्यावर एक गोष्ट त्यांना कळली आणि त्यांची झोप उडाली. त्यांना वाटायचं, एव्हरार्ड कोड्यातून मधूनमधून मान वर करतो ती खिडकीबाहेरचं अक्रोडाचं झाड बघायला. त्या खुर्चीतून झाड दिसतच नव्हतं. दिसत होतं फक्त समोरचं बुटकं स्टूल. चाळीस वर्षं तो मेला त्यांच्याकडेच बघत होता आणि बोलला एका शब्दाने नाही! आता त्या स्टुलावर बोंड होतं. तिथे कोणीतरी आपलं माणूस बसावं, घटकाभर का होईना, असं त्यांना फार फार वाटू लागलं.

आपलं माणूस एकच उरलं होतं, मुलगा ऑब्री. तो लंडनला विम्याच्या धंद्यात होता आणि तीन वर्षांत फिरकला नव्हता. त्याचीही बाजू समजून घेतली पाहिजे. मागच्या जिन्याने वर जायचं म्हणजे आई चहा टाकणार, मग गप्पा, मग जुने फोटो, आणि निघता निघता अंधार. पण आई प्रसिद्ध झाल्याचं कानावर आलं तेव्हा तो ऑक्टोबरातल्या एका रविवारी दोन मित्रांना घेऊन आला, पुढच्या दाराने, रीतसर तिकीट काढून.

“हे आजोबांचं चित्र. हे फ्रेंच घड्याळ. आणि ही ममा.”

“वा!” एक मित्र म्हणाला. “कुठल्या काळातली?”

“युद्धाच्या जरा आधीची.”

बाईसाहेबांनी तोवर एकदाही नियम मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

“ऑब्री,” त्या म्हणाल्या, “बस ना रे जरा. त्या स्टुलावर.”

वस्तू बोलली होती. ऑब्रीने स्टुलाकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला.

“बोंड आहे ना, ममा.”

तेव्हा हिलरीबाई पुढे आल्या. हातमोज्यांशिवाय साध्या दाराच्या मुठीलाही हात न लावणाऱ्या त्या बाईने ते बोंड उघड्या मुठीत उचललं आणि स्वेटरच्या खिशात कोंबलं. “आता नाहीये,” त्या म्हणाल्या.

ऑब्रीने मोकळ्या स्टुलाकडे पाहिलं, मित्रांकडे पाहिलं, मग मनगटाकडे. “बसलो असतो गं. पण चहाघर आता बंद होईल, आणि यांनी इथला स्कोन अजून चाखलाच नाहीये.” त्याने दोरीच्या अलीकडूनच आईचा एक फोटो काढला. दिवा न लावता काढला, कारण झगझगीत उजेडाने जुन्या वस्तू खराब होतात आणि तो काळजी घेणारा मुलगा होता. मग ते तिघे गेले.

“हवा जरा गार झाली, नाही बाईसाहेब?” हिलरीबाई म्हणाल्या.

“हो बाई. बरीच,” बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण वस्तूला हात लावायची परवानगी कोणालाच नसते.

आता तुम्ही ऑब्रीला नावं ठेवणार, हे दिसतंच आहे. ठेवा, खुशाल ठेवा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की तो तिकीट काढून का होईना, आईला बघायला गेला होता. तुम्ही मात्र अजून ही गोष्टच वाचत बसला आहात.