दर्शनी वय

म्हातारपण सर्वांना येते, परंतु सर्वांना सारखे येत नाही. हे सत्य ऋषिमुनींना ठाऊक होते की नाही ते सांगता येत नाही. सुरतेत मात्र ते प्रथम दिलीप बेहेरे यांच्या लक्षात आले, आणि तेही एका रविवारी सकाळी, गॅलरीत, दाढीच्या आरशासमोर.

दिलीपराव एका सरकारी बँकेच्या कतारगाम शाखेत अधिकारी होते. वय बावन्न. वर्ण गोरा, डोळे घारे, केस मूळचे भुरे. (सध्याचे काळे. दर पंधरवड्याला कान तुटलेल्या कपात पावडर कालवून जुन्या टूथब्रशने लावलेले.) कलप लावताना आरशात ते स्वतःला पस्तिशीचे दिसत. त्या वेळी चष्मा काढलेला असे, कारण काड्यांना डाग पडतात. हे तारुण्य आपल्याला कशामुळे लाभले, याचा त्यांनी निःपक्षपातीपणे विचार केला, आणि उत्तर एकच आले. रंग.

गोऱ्या माणसाचे वय कातडीवरून ओघळून जाते, सावळ्याचे कातडीत मुरते, असा तो सिद्धांत होता. सामान्य माणसाला असे काही सुचले की तो बायकोला सांगतो, ती हसते, आणि विषय संपतो. परंतु दिलीपरावांच्या पत्नी उज्ज्वलाबाई सावळ्या होत्या. त्यांचे मत या बाबतीत पक्षपाती ठरले असते, म्हणून ते विचारण्यात आले नाही. दिलीपराव थेट सर्वेक्षणाकडे वळले.

सर्वेक्षण बँकेतच, कामाच्या वेळात झाले. (कामाच्या वेळात झाले नसते, तर ते वैयक्तिक ठरले असते.) काउंटरवर आलेल्या माणसाकडे बघायचे, वयाचा अंदाज करायचा आणि मग खरे वय विचारायचे. गोरी माणसे तरुण दिसतात, हे पहिल्या दिवसातच सिद्ध झाले. जी दिसली नाहीत, त्यांना काहीतरी आजार असणार. सावळी माणसे थोराड दिसतात, हेही झाले. जी दिसली नाहीत, ती अपवाद. शाखेचा शिपाई सुकलाल हा असा पहिला अपवाद. माणूस खानदेशातला, राहायला बमरोलीला, रंगाने तव्यासारखा, आणि चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नाही.

"सुकलाल, वय काय रे तुझं?"

"आते छप्पन व्हई, साहेब," असे म्हणून सुकलाल घाबरला. "का हो? रिटायर करता का काय मला?"

महिनाअखेरीस अपवादांची संख्या नियमापेक्षा जास्त भरली. कच्च्या मनाचा संशोधक इथे खचला असता. पण अपवादाने नियम सिद्ध होतो, हे दिलीपराव शाळेत शिकले होते. एका अपवादाने एवढे होते, तर इतक्या अपवादांनी नियम किती पक्का झाला असेल!

सिद्धांत जगापुढे मांडण्याची संधी डिसेंबरात आली. शहाण्णव साल होते. अडाजणच्या तापीतीर स्नेहमंडळाचा वधूवर मेळावा होता, आणि ठरलेल्या वक्त्यांना बडोद्याहून यायला जमले नाही. दिलीपराव उभे राहिले. समोर मुलांचे बाप पुढच्या रांगांत आणि मुलींचे बाप मागच्या रांगांत बसले होते. (तशी सक्ती नव्हती. आपोआप बसतात.)

"आज सून कशी दिसते, हे सगळेच बघतात," दिलीपराव म्हणाले. "ती पंचवीस वर्षांनी कशी दिसेल, हे कोण बघतो? गोरी मुलगी पन्नाशीतही मुलगीच दिसते. सावळी मुलगी घरात आणताना तिच्याबरोबर एक म्हातारी आपण फुकट आणत असतो. आणि माझी मुलगी अपवाद आहे, असं प्रत्येक बाप म्हणणार. म्हणू द्या!"

टाळ्या थांबेनात. लाउडस्पीकरचा एक कर्णा स्वयंपाकघराकडे वळवलेला होता. तिथे राबणाऱ्या बायका कार्यक्रमाला मुकू नयेत, अशी मंडळाची कळकळ होती. तिथे उज्ज्वलाबाई दोनशे माणसांचा उपमा ढवळत होत्या. त्या ढवळत राहिल्या. शेजारी त्यांची मुलगी केतकी लिंबे चिरत होती. तिचा हात थांबला. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "चीर लवकर. लोकांना भुका लागल्यात."

मंडळाने त्याच बैठकीत 'दर्शनी वय उपसमिती' स्थापन केली आणि दिलीपरावांना अध्यक्ष नेमले. जन्मतारखेवरचे वय सरकारी कामापुरते ठेवून विवाहासाठी दर्शनी वय धरावे, असे ठरले. गोरा असल्यास खऱ्या वयातून तीन वजा. निमगोरा, दीड वजा. गव्हाळ, आहे तेच. सावळा, चार अधिक. त्यापलीकडच्या वर्णासाठी उपसमितीला शब्द सापडला नाही, म्हणून नुसतेच 'सहा अधिक' असे ठेवण्यात आले. केस पांढरे असल्यास अधिकाऱ्याला काही नाही (भारदस्तपणा), कारकुनाला पाच अधिक, बाईला दहा.

योजना कमालीची यशस्वी झाली. एकोणीस वर्षांच्या एका मुलीचे दर्शनी वय पंचवीस निघाले, तेव्हा तिच्या आईने तिला उन्हात पाठवणे बंद केले. तिचे कॉलेज दुपारचे होते, म्हणून कॉलेजही बंद केले. उपसमितीने या मातेच्या जागरूकतेबद्दल अभिनंदनाचा ठराव केला.

मार्चमध्ये दिलीपरावांच्या घरी केतकीसाठी स्थळ आले. मुलगा पराग, हजिऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. केतकी चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवणारी, आणि रंगाने थेट आईच्या वळणावर गेलेली. दिलीपरावांना यात अडचण दिसली नाही. सिद्धांत मांडणाऱ्याच्या घरालाही सिद्धांत लागू होतो, असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

पाहुण्यांसाठी साडी घ्यायला नवराबायको बाजारात गेले. दुकानदाराने दोघांकडे नीट बघितले, आणि दिलीपरावांचा दंड धरून त्यांना अदबीने पंख्याखाली बसवले.

"दादा, तमे आ पंखा नीचे बेसो. बेनने साडी जोवा दो ने."

दादा! दिलीपरावांना आनंद झाला. आपल्याला हा थोरल्या भावासारखा मानतो. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, हे सुरतेत सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाला ठाऊक नसते असे नाही. ते पायऱ्या उतरेपर्यंत बाजूला ठेवता येते, एवढेच. शेवटच्या पायरीवर त्यांनी विचारले, "त्या माणसाची नजर अधू असावी, नाही?"

"असेल," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "पण साडी चांगली दाखवली हो त्यानं."

त्या शनिवारी दिलीपरावांनी कलपाची दुप्पट पावडर कालवली आणि दुप्पट वेळ ठेवली. रविवारी सकाळी त्यांचे कपाळ पुढे आले होते, पापण्या फुगल्या होत्या, आणि घाऱ्या डोळ्यांच्या जागी दोन चिरा उरल्या होत्या. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितले, "केस किंवा डोळे. एक काय ते ठरवा." निर्णय होण्याआधीच पाहुणे दारात आले.

परागचे वडील गोपाळराव फणसे गोरेपान होते. (केस नव्हते, त्यामुळे तो मुद्दा त्यांच्यापुरता रद्द.) गालांवर तपकिरी डाग, डोळ्यांखाली पिशव्या आणि मानेवर घड्या होत्या. सूत्राप्रमाणे ते छप्पनचे त्रेपन्न झाले होते आणि त्या समाधानात वावरत होते. त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी आत येताच सुजलेल्या दिलीपरावांना वाकून नमस्कार केला.

"बरं नाही वाटतं, आजोबा? पडा हवं तर आत."

एवढ्यात उज्ज्वलाबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. सुमनबाईंचा चेहरा उजळला. "ही थोरली का? हिचं झालंय ना?"

"मी केतकीची आई," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "आणि हे आजोबा तिचे बाबा."

परागचा चमचा चालूच राहिला. मग केतकी येऊन बसली. गोपाळरावांनी तिला पाहिले आणि घसा साफ केला.

"दिलीपराव, तुमच्या भाषणाला मी पहिल्या रांगेत होतो. आमचे डोळे उघडलेत तुम्ही. आता बघा, मुलगी चोवीस. सावळी म्हणून चार अधिक, अठ्ठावीस. पराग सत्तावीस. गोरा म्हणून तीन वजा, चोवीस. मुलगी मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी होते हो! कसं करायचं?"

आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना इतके वेगळे का लागतात, ते दिलीपरावांना कळेना. केतकी मान खाली न घालता बसली होती. तिच्याकडे बघण्याचे त्यांनी टाळले.

"तसं... केतकी अपवाद आहे," ते म्हणाले.

"प्रत्येक बाप तसं म्हणणार, हेही आपणच सांगितलंत. टाळ्या घेतल्यात."

"माझी मुलगी दिसायला चांगली आहे हो, गोपाळराव."

चोवीस वर्षांत हे वाक्य दिलीपरावांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले, आणि तेही गोपाळरावांपाशी.

पण गोपाळरावांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. "वहिनी, विचारू नये, पण तुमचं वय?"

"सत्तेचाळीस."

"दिसता पस्तीसच्या! म्हणजे बारा वजा." गोपाळराव सावरून बसले. "मुलगी आईच्या वळणावर गेलीय, तेव्हा पन्नाशीला हीही अशीच दिसणार. मग हरकत नाही. आमची पसंती आहे. काय रे पराग?"

परागने वडिलांकडे बघून मान हलवली. दिलीपरावांनी सुटकेचा श्वास सोडला. सिद्धांत बुडाला होता, पण स्थळ तरले होते, आणि कुठल्याही बापाला हा सौदा परवडतो.

"काका," केतकी म्हणाली, "मी पुढे कशी दिसेन, ते तुम्ही आईकडे बघून ठरवलंत ना?"

"तीच शास्त्रीय पद्धत."

"मग पराग पुढे कसा दिसेल, ते मी तुमच्याकडे बघून ठरवलंय. माझी नापसंती आहे."

परागचा चमचा थांबला. त्याने वडिलांकडे पुन्हा पाहिले. या वेळी मात्र बराच वेळ, आणि काळजीने.

पाहुणे गेल्यावर दिलीपराव संतापले. "घरी आलेल्या माणसांशी असं बोलतात? मी काय तोंड दाखवू आता मंडळात?"

"तेच की, बाबा. सुजलेलं." मग केतकीचा आवाज बदलला. "तुम्ही माइकवर बोलत होतात तेव्हा आई आत उपमा ढवळत होती. मी तिच्या शेजारी उभी होते. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती."

"अगं, ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"मग कुणाबद्दल होतं?"

दिलीपरावांनी उत्तर शोधले. त्यांनी खरोखर शोधले. उज्ज्वलाबाई बशा गोळा करत होत्या. त्यांनीही हात थांबवून थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग बशा घेऊन त्या आत गेल्या.

पुढच्या मेळाव्यात दिलीपरावांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि सिद्धांत मागे घेतला. डॉक्टरांनी कलप बंद केल्यामुळे त्यांचे केस मुळाशी पांढरे आणि टोकाला काळे झाले होते. "माझं सर्वेक्षण खोटं होतं," ते माइकवर म्हणाले. "मला मुळात तरुण दिसायचं होतं. त्यासाठी मी दुसऱ्यांना म्हातारं ठरवलं. यात माझी बायको होती, मुलगी होती."

टाळ्या मागच्याइतक्याच पडल्या. मंडळाचे कार्यवाह गहिवरून म्हणाले की इतका मोठा संशोधक इतका विनयशील असतो, हे आज दिसले. पिकलेल्या केसांमुळे दिलीपरावांच्या शब्दांना वजन आले होते, पण ते मागच्या वर्षीच्या शब्दांना. सूत्र चालूच राहिले. जेवणाच्या रांगेत एका मुलाच्या बापाने त्यांना गाठून हळूच विचारले, "ते सगळं पटलं आपल्याला, साहेब. पण दीड वजा म्हणजे नेमकं किती गोरं धरायचं?"

केतकीने बडोद्याला नोकरी धरली आणि अठ्ठ्याण्णव साली तिथल्याच एका सहकाऱ्याशी लग्न ठरवले. फोनवर तिने बाबांना मुलाचे नाव, गाव आणि त्याला येणारे तीन पदार्थ सांगितले. दिलीपरावांच्या तोंडापर्यंत एक प्रश्न आला. त्यांनी तो गिळला आणि विचारले, "आईला भेटायला कधी आणतेस?" त्या गिळण्याला त्यांना किती कष्ट पडले, हे फक्त उज्ज्वलाबाईंनी पाहिले, आणि त्या दिवशी त्यांनी दिलीपरावांना न मागता दुसरा चहा दिला.

जावई मे महिन्यात आला, सर्वांशी मोकळेपणाने बोलला, आणि दोघांचे बरे चालले आहे. तो गोरा होता की सावळा, हे इथे लिहिलेले नाही. तरीही वरची ओळ वाचताना तुम्ही ते शोधले असेल, तर कृपया तापीतीर स्नेहमंडळाशी संपर्क साधावा. उपसमितीला अजून अध्यक्ष मिळालेला नाही, आणि पात्रता एवढीच लागते.