गुलाबकाकांचं औट

आमच्या शेजारचे गुलाबकाका साडेतीन म्हणत नाहीत. औट म्हणतात. जरीपटक्याच्या बाजारात त्यांनी पडद्यासाठी "औट मीटर दे गा" म्हटलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "अंकल, ये कौनसी कंपनी का माल है?" काकांनी तिथंच उभं राहून त्याला शिकवलं. मी पिशव्या धरून घाम पुसत होते.

काका उमरेडच्या विणकर घरातले. माग कधीच सुटला, हातानं मोजायची खोड सुटली नाही. कोपरापासून बोटापर्यंत एक हात, आणि माणूस कोणीही असो, स्वतःच्या हातानं औट हातच. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला भिंतीशी उभं करून सुतळीनं मोजलं. जास्त भरला, तर म्हणाले, "केसं फुगवून ठेवले हायेत."

"संतांनी देहाले औट हात म्हटलं वं. ॐकाराच्या मात्रा औट. मुहूर्त औट, देवीची पीठं औट."

"आणि राज्य औट घटकेचं," असं मी म्हटलं की मात्र गप्प होत. तेवढा एक उपयोग त्यांना सोसत नसे.

गेल्या वर्षी काकू न्हाणीघरात पडल्या. डोक्यात रक्त साकळलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं जीव वाचेल. पण त्यांना काय आठवेल, काय नाही, ते शुद्धीवर आल्यावरच कळेल.

काका बाकावर बसले. पाण्याचा ग्लास मीच त्यांच्या तोंडाला लावला. मी भिणारी बाई नाही. पण ऑपरेशनचं दार उघडलं की आम्ही दोघंही दचकायचो. दर वेळी दुसऱ्याच कोणाचं स्ट्रेचर निघायचं.

"काका, बोला काहीतरी. तुमचं ते औट तरी सांगा."

"नको वं. आता तो शब्द काढू नको."

"काहून?"

काका म्हणाले, "तो माहा नाहीच. तिचा हाय. लग्न झालं तवा मले पाढे येत नव्हते. मी माग चालवू, ती सुताच्या कांड्या भरता भरता औटकी म्हणे. साडेतीनचा पाढा. बापानं शिकवला होता तिले. तुम्ही सारे हसता मले. घरी मी 'औट वाजले' म्हटलं की ती चहा ठेवते. उद्या तिले हे आठवलंच नाही, तं मी बोलू कोणाशी?"



संध्याकाळी काकू शुद्धीवर आल्या, तसं नर्सनं आत बोलावलं. काका दारापर्यंत आले आणि चौकट धरून थांबले. "तू जा. तूच विचार तिले. मले नाही होत."

काकूंचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं. त्या माझ्याकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. 

"काकू, औट दुणे?"

ओठ हलले. आवाज नाही. मी पुन्हा विचारलं. मागं वळून दाराकडे बघायची हिंमत झाली नाही.

"सात," काकू म्हणाल्या. मग कपाळाला आठी घालून, "हे कुठी हायेत? भेऊन बसले असतीन."

मी बाहेर आले, काका आत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं.

"औट त्रिक?" काकांनी विचारलं. आवाज फाटलेला.

"आधी तोंड धुऊन या," काकू म्हणाल्या.