बुरुडाच्या ठकूने सदरेवर तोंड उघडिले, ते वर्तमान

श्री. वाग्देवतेचे पायी मस्तक ठेवून लिहितो, सुजाणांनी चित्त देऊन ऐकावे. शके सोळाशे छप्पन्न, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पंचमीचे दिवशी महाराणीसाहेबांनी सदरेवर परीक्षा मांडिली. राजपाठशाळेत जागा एकच रिकामी, आणि न मिळेल त्याने घरचा धंदा धरावा, ऐसा हुकूम. अखेरीस मागणारे दोघे राहिले, एक सरदार रंगरावांचे चिरंजीव फिरंगोजी आणि दुसरी धुरपदा बुरुडणीची लेक ठकू. सरदारांचे घरी रीत ऐसी की, पंगतीस थोरले साहेब लेकास पुसत, "आपले मत काय?" आणि बुरुडाचे घरी रीत ऐसी की, वडीलधाऱ्यांसमोर पोरीने बोलणे म्हणजे कुळास बट्टा. माया दोन्ही घरी सारखीच, त्यात संशय नाही.

मग पाठशाळेचे गुरुजी नारोशास्त्री यांनी प्रश्न केला की, चंद्र घटतो कां? फिरंगोजी तत्काळ वदले, "आमचे मते तो थकतो," आणि मग घोड्यांचे थकणे, हत्तींचे थकणे, आपले मामांचे थकणे, ऐसे घटकाभर निरूपण केले आणि सदर माना डोलवू लागली. मग ठकूस पुसिले. ठकूने मान खाली घातली. पुन्हा पुसिले, तो अधिकच खाली घातली. उत्तर तिजला पक्के ठाऊक, गावच्या पंतोजींनी दिव्यापुढे लिंबू फिरवून शिकविले होते, परंतु समोर वडील माणसे! आणि गर्दीत धुरपदा शेजारणीस कोपराने ढोसून म्हणे, "बघ माझी ठकी! येक सबुद उलटा न्हाई. जागा तिचीच!"

शास्त्रीबोवा कष्टी होऊन म्हणाले, "मुलीस काही येत नाही," आणि निकाल लिहावयास लेखणी उचलिली. तेव्हा धुरपदेचे ध्यानी आले की, पोरीचे न बोलणेच येथे नडते, आणि चोपदारास लोटून, पदर खोचून बाई गरजली, "आगं ठके, बोल की! मोठ्यांम्होरं बोलू नगं म्हनली ती मीच, आन् बोल म्हंते ती बी मीच!"

मग काय विचारता! ठकू बोलली ती सूर्याचा उजेड, चंद्राचे फिरणे, सर्व यथास्थित सांगोन थांबेना, आणि उलट शास्त्रीबोवांसच पुसती जाहली, "मंग दर पुनवेला चंद्राला गिराण का लागत न्हाई?" शास्त्रीबोवा खदखदून हसले आणि म्हणाले, "ते पाठशाळेत ये, मग सांगतो!" महाराणीसाहेबांनी जागा दिल्ही, साखर वाटिली, आणि फिरंगोजींनीच पहिली टाळी वाजविली. मोठ्या मनाचे पोर.

मग मायलेकी वाजतगाजत घरी आल्या आणि धुरपदा म्हणाली, "ठके, चूल पेटव." ठकू पुसती जाहली, "मीच का? दादा का न्हाई?" बाईने हात उगारिला तो तसाच अधांतरी राहिला, आणि मग तिणे दादास हाक मारिली.

एवंच ठकू विद्येस लागली, दादा चुलीस लागला, उभयतांचे कल्याण जाहले.