आत्यासमोर बोलायची वाक्यं

एका दिवसात दोन कलादालनं, एक संग्रहालय आणि एक नाटक! तेही पाय न दुखता, घाई न करता, मध्ये व्यवस्थित जेवून! हे करून दाखवणारा माणूस या शहरात एकच आहे आणि तो म्हणजे मी, असं मी मागच्या महिन्यात आत्याला फोनवर ठणकावून सांगितलं.

"तुला कळतं का रे त्यातलं काही?" आत्याने विचारलं.

"आत्या, त्या संग्रहालयात मी आजवर अकरा वेळा गेलोय!"

हे शंभर टक्के खरं होतं. फक्त एक बारीकसा तपशील मी सांगितला नाही. मी लिफ्ट तपासनीस आहे. त्या संग्रहालयात मी अकरा वेळा गेलो ते लिफ्टच्या खड्ड्यात. तिथल्या तिन्ही मजल्यांवर काय टांगलंय ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या मजल्यांच्या खाली काय टांगलंय ते मी झोपेत सांगितलं असतं!

आता आत्या म्हणजे कोण, ते सांगायला हवं. पस्तीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेलो की ती मला घोडा काढायला बसवायची. एकदा माझा घोडा बघून तिने शांतपणे विचारलं होतं, "हे टेबल तू कुठे बघितलंस?" तेव्हापासून कलेच्या बाबतीत तिच्या नजरेतून मी जो उतरलो, तो तळमजल्यावरच थांबलो. शिवाय गेल्या महिन्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. "नवीन डोळ्यांनी मला पहिल्यांदा चित्रं बघायचीत," ती म्हणाली होती. मुक्काम एकच दिवस. म्हणजे मला संधीही एकच!

मी कामाला लागलो. रात्रंदिवस अभ्यास करून कलेवरची अत्यंत वजनदार वाक्यं जमवली. बायकोने ती वाचली.

"अहो, हे सगळं आत्यांसमोर बोलणार तुम्ही?"

"का? काय वाईट आहे?"

"काही नाही. आमच्यापासून जरा लांब उभं राहून बोला."

आत्या आली तो दिवस भर वसंतातला होता. झाडांना कोवळी पालवी फुटलेली, पण हवा मात्र लहरी! सकाळी दात वाजतील इतका गारठा आणि बारा वाजले की कपाळावर घाम. मी राखाडी कोट चढवला. आतल्या खिशात माझा वाक्यांचा कागद. वेगळा कागद कुठे शोधत बसा, म्हणून एका जुन्या लिफ्टच्या तपासणी अहवालाच्या कच्च्या प्रतीमागेच मी ती उतरवून काढली होती.

पहिल्या कलादालनात शिरलो आणि समोरच भिंतभर एक चित्र. त्यात काहीच नाही! नुसता निळा रंग! आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी खांबाआड जाऊन कागद काढला, वाक्य क्रमांक एक पाठ केलं आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, "यातली शांतता बोलते, आत्या."

आत्या गप्प. म्हणजे भारावली! मी पुन्हा खांबाआड. "चित्रकाराने जे काढलं नाही, तेच खरं चित्र आहे."

आत्या गप्प. बायको माझ्यापासून तीन चित्रं पुढे सरकली. मी सात वेळा खांबाआड जाऊन आलो. शेवटी रखवालदार माझ्यामागून फिरायला लागला. मी खांबाला काही करतोय, असं त्याला वाटलं असावं.

आत्या त्या एका चित्रासमोर पाऊण तास उभी होती! माझं वेळापत्रक कोलमडलं. दुसरं कलादालन रद्द! जेवण दहा मिनिटांत! तिथून धावतपळत संग्रहालयात.

संग्रहालयात आत शिरतानाच कोट आणि पिशव्या जमा करायच्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी कोट घेतला, पितळी बिल्ला दिला. उकडत होतं, त्यामुळे मीही कोट आनंदाने काढून दिला. आणि पहिल्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं, की कागद कोटात राहिला!

आणि नेमका इथे आत्याला कंठ फुटला. "हा राजा आहे का रे? मग याच्या पायात जोडे का नाहीत? आणि हे कुत्रं कुणाचं?"

अशा संकटासाठी मी एक युक्ती लिहून ठेवली होती, ती सुदैवाने आठवली. खोकायचं! मी खोकलो. ती पुढच्या चित्राकडे वळली. तिथे पुन्हा प्रश्न, पुन्हा खोकला. तीन दालनं मी निव्वळ खोकून काढली. चौथ्या दालनात एका अनोळखी आजोबांनी मला खोकल्याची गोळी दिली.

साडेचारला मी घड्याळ बघितलं आणि ओरडलो, "पाचचं नाटक!"

कोटांच्या खिडकीशी ही गर्दी! मी हात आत घालून म्हटलं, "बाई, तो राखाडी! तोच, तोच!"

"बिल्ला दाखवा."

"अहो, मला माझा कोट ओळखता येत नाही का? नाटक सुरू होतंय!" मी बिल्ला टेबलावर आपटला, खुंटीवरचा कोट स्वतःच ओढला, खांद्यावर टाकला आणि पळालो.

नाट्यगृहात पोचलो तेव्हा पहिली घंटा झाली होती. आत गार होतं, म्हणून मी कोट घातला. बाह्या पार बोटांपर्यंत आल्या.

"बघ!" मी बायकोला म्हटलं, "एका दिवसाच्या पायपिटीने केवढा बारीक झालो!"

"आणि हातही आखूड झाले वाटतं," ती म्हणाली.

खुर्चीत बसल्यावर नाटकासाठी राखून ठेवलेली दोन वाक्यं बघून घ्यावीत, म्हणून मी खिशात हात घातला. कागद निघाला. पण अक्षर माझं नव्हतं! मी वाचायला लागलो.

'माझ्या लाडक्या बाळा, हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी तुझी वाट बघून थकलेला असेन. वेळ फार थोडा आहे...'

"अगं, हा कोट माझा नाही!" मी कुजबुजलो. "कुणाचा तरी म्हातारा बाप आजारी आहे! आणि त्याने मुलाला लिहिलेलं पत्र माझ्याकडे आलंय!"

"मग पळा! परत करून या!"

"अरे, संग्रहालय पाचला बंद होतं ना?" आत्या म्हणाली. "मुलगा पत्र वाचूनच खिशात ठेवेल की. बस खाली." दिवे मंदावले. माझा जीव मात्र टांगणीला! इकडे मी नाटक बघतोय आणि तिकडे कुठला तरी बाप डोळ्यांत प्राण आणून बसलाय!

पडदा वर गेला. मंचावर एक खोली, एक रिकामी खाट आणि खिडकीशी उभा असलेला नायक. अंगात राखाडी कोट, बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या.

बायकोने माझा दंड इतक्या जोरात धरला की मी कळवळलो. "तिसरं बटण बघा!"

तिसरं बटण तपकिरी होतं. बाकीची काळी. ते तपकिरी बटण तिने स्वतःच्या हातांनी लावलं होतं, काळं सापडलं नाही म्हणून. मंचावर माझा कोट उभा होता!

तेवढ्यात नायक म्हणाला, "बाबांचं पत्र आलंय म्हणतात. अजून उघडायची हिंमत झाली नाही."

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. बाप नाटकातला! पत्र नाटकातलं! आणि ते माझ्या हातात! मग त्याच्या खिशात काय आहे?

मी उठलो. अकरा जणांच्या पायांवरून, दोन पिशव्यांमधून आणि एका बाईंच्या मांडीवर लोटांगण घालत बाहेरच्या वाटेवर पोचलो आणि रंगमंचाच्या बाजूच्या दाराकडे धावलो. दारावरच्या माणसाने छातीवर हात ठेवला.

"मला आत सोडा! माझ्याकडे बापाचं पत्र आहे!"

"बाप सगळ्यांनाच असतात साहेब. जागेवर बसा."

"अहो, तो जो कोट आहे ना, तो मी आहे! म्हणजे माझा आहे!"

"बसता, की बाहेर सोडू?"

मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. मंचावर नायकाने खिशात हात घातला. कागद काढला. उलगडला. आणि त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत चुन्यासारखा पांढरा पडला.

(पत्राचा मजकूर त्याच दिवशी दुपारी बदलला होता, हे आम्हाला नंतर कळलं. नवा मजकूर त्याला पाठ नव्हता. तीनशे माणसं बघतायत आणि हातात कागद आहे म्हटल्यावर माणूस काय करेल? वाचेल!)

त्याने वाचलं. थरथरत्या आवाजात.

"वय, बेचाळीस वर्षं. क्षमता सहा माणसांची. रोज दहा माणसांचा भार."

सभागृहातली माणसं खुर्चीत पुढे झुकली.

"वर चढताना धाप लागल्यासारखा आवाज. मध्येच थांबण्याचं प्रमाण वाढलेलं. दोर झिजलेला."

पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

"तरीही आजवर कुणालाही खाली पाडल्याची नोंद नाही."

आणि हुंदके! खरेखुरे हुंदके! दारावरच्या माणसाने माझ्या छातीवरचा हात काढून स्वतःचे डोळे पुसले. "बाप असाच असतो हो," तो म्हणाला. माझी छाती फुगली. तीनशे माणसं माझ्या अहवालावर रडत होती! कचेरीत आजवर एकानेही तो शेवटपर्यंत वाचला नव्हता!

इथे तो थांबला असता तर आज मी तुम्हाला ही गोष्ट मान वर करून सांगितली असती. पण टाळ्या पडल्या, नायकाला चेव आला आणि त्याने कागद उलटला.

"आत्यासमोर बोलायची वाक्यं," तो गदगदून म्हणाला.

मी डोळे मिटले.

"एक. नुसता रंग असेल तर, यातली शांतता बोलते. किंवा, चित्रकाराने जे काढलं नाही, तेच खरं चित्र आहे. दोन. माणूस असेल तर, त्याचे डोळे बघ, आत्या. तीन. फळं असतील तर गप्प बस, त्यातलं तिला कळतं." कुठेतरी एक जण खुसकन हसला. नायकालाही आता थांबता येईना. उतारावरून सुटल्यासारखा तो वाचतच सुटला. "चार. म्हातारीने प्रश्न विचारला तर खोक. पाच. म्हातारी दमली तर चहा पाज आणि विषय बदल!"

हसण्याचा असा स्फोट झाला की पडदा हलला! आणि त्या गदारोळात सातव्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला. पस्तीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज.

"कुठे आहेस रे तू?"

मी खोकलो.

नाटक कसं संपलं ते मला विचारू नका. संपल्यावर नायक माझा कोट हातात घेऊन बाहेर आला. त्याच्याबरोबर दिग्दर्शिका होत्या. भूमिका अंगात मुरावी म्हणून तो आठवडाभर नाटकातला राखाडी कोट घालून हिंडत होता, दुपारी मन शांत करायला संग्रहालयात गेला होता आणि परत येताना घाईत खुंटीवर उरलेला राखाडी कोट उचलून आणला आणि थेट पडदा वर जाताना अंगात चढवला, असं त्याने सांगितलं. मी त्याच्या पाया पडायच्या बेतात होतो, तर तोच माझ्या पाया पडायला आला!

"तुमची ती पहिली बाजू," दिग्दर्शिका म्हणाल्या, "आम्ही प्रत्येक प्रयोगात ठेवली तर चालेल?"

"आणि दुसरी?" आत्याने विचारलं.

"ती नको. त्यात पात्र फारच बिनडोक वाटतं."

आम्ही चालत घरी निघालो. रस्त्याकडेच्या झाडांवर नवी पानं दिव्यांच्या उजेडात चमकत होती. आत्या मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. शेवटी मला राहवेना.

"आत्या, ते म्हातारी वगैरे..."

"एकोणसत्तर वर्षांची बाई म्हातारी नाही तर काय कुकुलं बाळ आहे?"

"आणि सकाळची ती वाक्यं. मला वाटलं, तुला जरा बरं वाटेल. मला काही कळतं, असं वाटेल."

आत्या थांबली. "कुठली वाक्यं?"

"त्या निळ्या चित्रासमोर बोललो ती. सात वेळा!"

"तू बोलत होतास?" आत्याने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "मला वाटलं, मागे कसलं तरी यंत्र घरघरतंय!"

बायकोने रुमाल तोंडाला लावला.

"अरे, गेली तीन वर्षं मला सगळं चहातून बघितल्यासारखं दिसत होतं," आत्या म्हणाली. "निळा रंग कधी निघून गेला, ते कळलंसुद्धा नाही. आज तो भिंतभर समोर उभा राहिला. केवढा निळा होता! मग कुणाचं बोलणं ऐकू येणार मला?"

मी काहीच बोललो नाही. त्या दिवसातलं माझं तेवढं एकच शहाणपण.

आत्याने दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट रद्द केलं आणि मुक्काम आठ दिवसांनी वाढवला. रोज सकाळी ती आणि माझी बायको हातात हात घालून निघतात आणि संध्याकाळी लाल झालेले चेहरे घेऊन हसत परततात. मला कुणी विचारत नाही. काल न राहवून मीच विचारलं, "आत्या, उद्या सुट्टी आहे. मी येऊ का?"

आत्याने थोडा विचार केला.

"ये की," ती म्हणाली. "पण दोन पावलं मागे उभा राहा. तुझी सावली चित्रावर पडते."