सोनेरी काठाचा परवाना

तंबाखू कशी बंद करायची, हे मला विचारा! डॉक्टर सांगून थकले, पाकिटांवर सडक्या फुप्फुसांची चित्रं छापून झाली, काही झालं नाही. मी मात्र एकाच फटक्यात अख्खा बाजार साफ करणार होतो.

मी परवाना विभागात कारकून. तंबाखू विकायची तर आमच्याकडून दरवर्षी परवाना घ्यावा लागतो. त्याची फी इतकी किरकोळ, की दुकानदार ती दाढी करून उरलेल्या सुट्ट्या पैशांतून देत. मी साहेबांना म्हणालो, "फी वीसपट करा. निम्मी दुकानं आपोआप बंद पडतील!"

"बंद पडली, तर विभागप्रमुखाची खुर्ची तुमची," साहेब म्हणाले. "वाढली, तर तळघरातल्या जुन्या फायली तुमच्या."

"वाढतील कशी, साहेब?" मी खो खो हसलो.

इथेच थांबायचं ना! पण माझं मन पडलं मोठं. एवढी फी भरणाऱ्याच्या हातात चुरगळलेला कागद कसा द्यायचा? मी परवाना नव्याने छापून घेतला. जाड कागद, सोनेरी काठ, खाली टरबुजाच्या फोडीसारखा लालभडक शिक्का. तो दर्शनी भिंतीवर लावायची सक्तीही केली.

पहिल्याच आठवड्यात तीन दुकानं बंद! मी खुर्चीवर टाकायला नवा टॉवेल घेतला.

आणि शिंपी आला.

"एक परवाना द्या."

"तुम्ही तंबाखू विकता?"

"छे हो! मला वासानेच मळमळतं."

"मग?"

"समोरच्या सिगरेटवाल्याने लावलाय ना भिंतीवर! गिऱ्हाइकं म्हणतात, एवढी फी भरतो म्हणजे माणूस पोहोचलेला. माझी शिलाई बाजारात सगळ्यांत साफ, पण माझ्या भिंतीवर काय? कॅलेंडर!"

"अहो, पण परवाना घेतला की तंबाखू ठेवावी लागते."

"ठेवतो की एक पुडी. बटणांच्या डब्यात."

फी भरली की परवाना द्यायचा, असा नियम. नाही म्हणायची सोय नाही. दिला.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर रांग. खिडकीतून जेवढं ऐकू आलं, तेवढं सांगतो.

"सरका हो, मी केव्हाचा उभा आहे!"

"तुमचं कसलं दुकान?"

"चष्म्याचं."

"आणि तंबाखू?"

"एक पुडी आहे. त्यावरचा इशारा लांबून वाचता येतो का, बघायला."

"ताई, तुम्ही?"

"मी शिकवणी घेते. पालक विचारतात, मॅडम, तुम्हाला काही सरकारी मान्यता?"

"अहो, मागे तो दातांचा डॉक्टर ना?"

"हळू बोला! त्याला दोन हवेत. एक बाहेर, एक आत खुर्चीसमोर."

घरी आलो, तर बायको दारातच.

"अहो, आमच्या दादूलाही एक द्या ना."

दादू म्हणजे माझा मेव्हणा. शिक्षण संपल्यापासून विश्रांती घेतोय.

"त्याचं दुकान कुठाय?"

"परवाना आला की निघेल. आईने भिंतीवर खिळासुद्धा मारलाय."

"अगं, एकेक परवाना म्हणजे माझ्या खुर्चीचा एकेक पाय जातोय!"

"मग तुमच्या खुर्चीपायी माझ्या भावाने जन्मभर बिनलग्नाचं राहायचं?"

दिला.

वर्षअखेरीस दुकानं मोजली. निम्मी? चौपट! मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, फी रद्द करा! फुकट मिळालेली वस्तू कोण भिंतीवर लावतो? परवानाही रद्दीच्या कागदावर छापू. सगळे फेकून देतील!"

साहेबांनी घाम पुसत होकार दिला. बातमी बाहेर फुटली.

सकाळी कचेरीवर मोर्चा! सर्वांत पुढे शिंपी, छातीशी परवाना धरून, फ्रेमसकट.

"फीकपात रद्द करा!"

"परवाना महागच ठेवा!"

दातांचा डॉक्टर तर असा ओरडत होता, की त्याच्याच दाढा मोजता याव्यात!

"साहेबांना बाहेर बोलवा!" शिंपी गरजला. "आम्ही रक्त आटवून फी भरली. आणि उद्या कुणीही उपटसुंभ येऊन फुकट घेऊन जाणार? आमच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

मोर्च्याच्या शेपटाला मूळचा सिगरेटवाला रडवेला उभा होता. मला बघून म्हणाला, "माझं ऐका हो! गिऱ्हाईकच उरलं नाही. जो तो पुडी ठेवून बसलाय!"

माझ्या जिवात जीव आला. एक तरी कमी होणार! "मग परवाना परत करता?"

"वेडे की काय? भिंतीवर काय लावू?"

एवढ्यात साहेब गॅलरीत आले. त्यांनी गर्दी बघितली, फ्रेमा बघितल्या आणि दोन्ही हात वर केले. "फी कमी होणार नाही! उलट दुप्पट होईल!"

काय टाळ्या! काय शिट्ट्या! शिंप्याने डॉक्टरला मिठीच मारली. साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी फक्त एक बोट जमिनीकडे केलं.

तर मी आता तळघरात असतो. खुर्चीही नाही, स्टूल आहे.

परवा दादूचं लग्न ठरवायला गेलो. मुलीकडच्यांनी परवाना आधी बघितला, दादूला नंतर. पसंती झाली. मुलीचे वडील आपल्या माणसांची ओळख करून देऊ लागले.

"हे तिचे मामा, परवानाधारक. हे काका, यांचे दोन आहेत." मग माझ्यापाशी थांबले. "आणि हे?"

बायकोने सतरंजीकडे बघितलं. "हे... नोकरी करतात."

त्या भल्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या हो. होईल तुमचंही!"