भगवंतरावांच्या हातचा रस

हैदराबादेत विद्यानगर म्हणून एक वस्ती, त्या वस्तीत भगवंतराव नावाचे एक गृहस्थ राहत होते. बायकोचं नाव जयवंता, एकुलत्या लेकीचं तेजश्री. देवाने भगवंतरावांना सगळं दिलं होतं, राग तेवढा दोघांच्या वाट्याचा दिला होता. नव्वदीची सालं, बाजारात नवनव्या वस्तूंचा पूर आलेला. पाणीसुद्धा बाटलीत बसून विकायला आलं, तेव्हा भगवंतराव आठवडाभर चिडून होते. (पाण्याला ते कळलं नाही.)

अशात तेजश्रीला स्थळ आलं. मुलगा अनिकेत, पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आई कुसुमताईंसोबत जवळच तारनाक्याला राहायला आलेला. आधीची स्थळं पोरीने नाक मुरडून घालवली होती. या वेळी मात्र तिने न सांगता पडदे धुतले. आईने काय ते ओळखलं.

वैशाखाचे दिवस, मंडळी जेवायला येणार, म्हणजे आमरस आलाच. जयवंताबाई म्हणाल्या, मिक्सरमधून काढते. झालं, तिथेच माशी शिंकली. त्यांच्या घराण्यात रस कर्त्या पुरुषाने हाताने पिळायचा, मिक्सरमध्ये त्याचा जीव जातो, असं भगवंतरावांनी बजावलं. नुकतेच परसाकडे जाऊन आले होते. हातावर तांब्यातलं पाणी ओतून घेतलं (साबणाचा वास रसाला लागतो म्हणे), धोतर खोचून पाटावर बसले आणि कोपरापर्यंत बरबटून पातेलंभर रस काढला.

कुसुमताई आल्या त्या पाण्याची बाटली घेऊनच. हैदराबादचं पाणी बाधतं, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. भगवंतरावांच्या कानशिलाची शीर उडू लागली, पण मुलीचा बाप, काय करतो बिचारा. कुसुमताईंना मधुमेह, त्यांनी रसाला बोटही लावलं नाही. अनिकेतने होणाऱ्या सासऱ्याचं मन राखायला वाट्यांवर वाट्या रिचवल्या.

पंधरवडा उलटला आणि अनिकेत तापाने फणफणला. मुदतीचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत टायफॉइड. कुसुमताईंचा निरोप आला : तुमच्याकडचं अन्न बाधलं, आता हे लग्न व्हायचं नाही. तेजश्री गच्चीवर जाऊन वाळलेल्या कपड्यांच्या परत परत घड्या घालत बसली.

ते बघून भगवंतरावांचा भडका उडाला. तडक तारनाका गाठून ते कुसुमताईंच्या दारात गरजले, "अन्न माझ्या घरचं नव्हे, रोग तुमच्या बाटलीतला." आणि समोरची बाटली बगलेत मारून थेट कोठी भागातल्या पाणी तपासणाऱ्याकडे नेली. दोन दिवसांनी तो म्हणाला, "पानी में कुच नै साब. साफ है."

मग दूधवाल्यावर तोफ वळली. दूधवाल्याने उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं. मग भांडीवाली. तिने भगवंतरावांना तेलुगूत असं काही ऐकवलं की, न समजताही ते दोन पावलं मागे सरले. शेवटी अनिकेतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वयंपाकाला हात लावणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. भगवंतरावांना हर्ष झाला. आता चोर सापडणार. दूधवाल्याला हातापाया पडून आणलं, भांडीवालीला नवं लुगडं कबूल केलं, आणि कुणी बोट दाखवायला नको म्हणून स्वतःचाही नमुना देऊन टाकला.

सगळे स्वच्छ निघाले. एक सोडून.

"आयुष्यात एका परीक्षेत पहिले आलात," जयवंताबाई म्हणाल्या, "तेही शौचाच्या."

भगवंतराव डॉक्टरीणबाईंवर चवताळले. त्यांना म्हणे वर्षानुवर्षं साधी शिंकही आली नव्हती. बाईंनी शांतपणे समजावलं. पोटात जंतू सगळ्यांच्याच असतात. बरेचसे सज्जन वाणाचे, आपल्याला पचवायलाही मदत करतात. एखादा वाण मात्र माजोरी निघतो. मुदतीचा ताप येऊन गेला तरी तो कुणाकुणाच्या पित्ताशयात बिऱ्हाड थाटून राहतो. घरमालकाला त्रास देत नाही. शौचावाटे बाहेर पडतो, धड न धुतलेल्या हाताला चिकटून ताटात उतरतो आणि दुसऱ्याच्या आतड्यातून रक्तात शिरतो.

भगवंतरावांना लहानपणी गावी असा ताप आला होता. जयवंताबाईंना तो आला लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, तेजश्रीला शाळेत असताना. दर उन्हाळ्यात पाहुणे रस खाऊन जात आणि मग पत्र येई की पोरं तापाने पडली. भगवंतराव त्या त्या गावच्या पाण्याला शिव्या घालत. आता त्या सगळ्या शिव्या माघारी फिरून दारात उभ्या राहिल्या.

त्या दिवशी ते घरात कुणावर ओरडले नाहीत. टोपी घातली आणि तारनाक्याला गेले. दार कुसुमताईंनीच उघडलं.

"पुन्हा बाटली न्यायला आलात?"

"नाही. रोग माझ्याच हातचा होता. तुमचा मुलगा माझ्यामुळे पडला. राग माझ्यावर धरा, पोरीवर नको."

कुसुमताईंनी त्यांना बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. मनातून अजून धुमसत होत्या. आतून अनिकेत खोल आवाजात म्हणाला, "आई, त्यांना आत तरी घे. आणि तेजश्रीला सांगा, आज पेज पचली."

आता पेजेची खबर तिला कशाला, हे दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. पोरगी रोज कोपऱ्यावरच्या फोनवरून चौकशी करत होती आणि दोन्ही घरं आपापल्या रागात बुडालेली.

कुसुमताई बाजूला झाल्या. "मला अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण दारात येऊन चूक कबूल करणारा मुलीचा बाप मी पहिल्यांदा पाहिला. या. चहा मी करते, तुम्ही कपाला बाहेरूनच हात लावा."

पुढे भगवंतरावांचं पित्ताशय निघालं, गोळ्यांचे कोर्स झाले, तपासण्या पुन्हा पुन्हा स्वच्छ आल्या. माघात थाटात लग्न लागलं. तेजश्री मान वर करून हसत होती आणि जावई चांगला अंगाने भरला होता. मुलीच्या बापाने आग्रहाने वाढायचं असतं, म्हणून जिलब्यांचं ताट घेऊन भगवंतराव पंगतीत उतरले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पंगत दोन्ही हात आडवे धरून आपापल्या पानावर पालथी पडली.